बोलीतला ‘तर’ आणि कागदावरचा ‘तर’

मराठीत ‘जर-तर’ हा जोडशब्द बराच बदनाम आहे. पुढाऱ्याला अडचणीचा प्रश्न विचारला की तो ‘जर-तरच्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही’ म्हणून बाजूला होतो. घरातले वडीलधारे ‘जर-तर पुरे झालं, काय ते ठरवा’ म्हणून विषय संपवतात. जर-तर म्हणजे हवेतल्या गप्पा, असा त्या शब्दाचा भाव होऊन बसला आहे. पण अमरावती-अकोल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षभराचे बोलणे कान देऊन ऐकले, तर त्यात जर-तर वगळून फारसे काही उरत नाही. ‘पानी आलं त पेरू.’ ‘निघालं त डवरू.’ ‘भाव भेटला त इकू, नाई त घरात ठेवू.’ पीककर्ज, विमा, हमीभाव, पोरीचे लग्न, पोराची फी, सारे या ‘त’ला टांगलेले. वऱ्हाडी बोलीने ‘तर’मधला ‘र’ गाळला, त्याच्यावरचा भार मात्र कमी केला नाही.

हाच ‘तर’ तर्कशास्त्रातही आहे. बारावीच्या गणिताच्या पुस्तकात पहिला मान तर्कशास्त्राच्या प्रकरणाचा असतो आणि तिथे जर-तर विधानाला एक बाण मिळतो. बाणाच्या डाव्या बाजूला ‘जर’चा भाग, उजव्या बाजूला ‘तर’चा. बोलण्यातला ‘तर’ आणि हा बाण एक नव्हेत, हे शिकवणाऱ्यांना ठाऊक असते. पण ते सांगण्याची रीत ठरून गेली आहे: बोलीभाषा सैल, तर्कशास्त्र काटेकोर, लोक ढिलाईने बोलतात, शास्त्र ती ढिलाई दुरुस्त करते. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. बोलीत एक ‘तर’ नसून अनेक आहेत आणि ती त्यांतला फरक चोख पाळते. तर्कशास्त्राने त्यांपैकी एक निवडला, तोही आपल्या कामापुरता, आणि तसे करणे त्याच्या हक्काचे होते. खरा घोटाळा तिसऱ्याच ठिकाणी होतो. सरकारी कागद बोलीतला ‘तर’ उचलतो आणि वेळ आली की त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावतो. त्या घोटाळ्याची किंमत या भागात रुपयांत मोजावी लागते, कधी त्याहून जास्त कशात.

१. चार ओळींचे कोष्टक

‘मृगात पाऊस पडला तर आम्ही पऱ्हाटी पेरू’ हे वाक्य घेऊ. ‘मृगात पाऊस पडला’ हे पूर्वांग, ‘आम्ही पऱ्हाटी पेरू’ हे उत्तरांग. शक्यता चारच. पाऊस पडला आणि पेरले. पाऊस पडला पण पेरले नाही. पाऊस पडला नाही तरी धूळपेरणी केली. पाऊसही नाही आणि पेरणीही नाही. तर्कशास्त्राच्या कोष्टकात यांतली फक्त दुसरी ओळ वाक्याला खोटे ठरवते. उरलेल्या तिन्ही ओळींत वाक्य खरे. म्हणजे मृग कोरडा गेला, तर पुढे काहीही होवो, वाक्य खरेच.

याचे परिणाम चमत्कारिक आहेत. ‘अकोल्याला समुद्र असेल तर सोयाबीनला दहा हजार भाव आहे’ हे विधान या कोष्टकानुसार खरे, कारण अकोल्याला समुद्र नाही. ‘अकोल्याला समुद्र असेल तर सोयाबीन फुकट वाटले जात आहे’ हेही त्याच कारणाने खरे. दोन्ही एकाच वेळी खरी! अकोल्याच्या बाजार समितीत कोणी असे बोलला तर लोक त्याच्या डोक्यावर पाणी घालतील.

ही तक्रार नवी नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांत ग्रीसमधल्या मेगारा पंथाच्या फिलोने जवळजवळ असेच कोष्टक मांडले आणि त्याचा गुरू डायोडोरस याने ते नाकारले. हा वाद इतका गाजला की छपरावरचे कावळेसुद्धा त्यावरच कावकाव करतात, अशी थट्टा कॅलिमाकस या कवीने केल्याची नोंद आहे. पुढे जर्मन गणिती फ्रेगे याने १८७९ मध्ये हा फिलोचा ‘तर’ आपल्या नव्या तर्कलिपीत घेतला, रसेल आणि व्हाइटहेड यांच्या १९१० ते १९१३ मध्ये निघालेल्या ग्रंथाने तो रूढ केला, आणि लगोलग १९१२ मध्येच सी. आय. लुईस या अमेरिकन तत्त्वज्ञाने त्यावर आक्षेपही घेतला.

मग शहाण्यासुरत्या माणसांनी असला ‘तर’ का स्वीकारला? कारण गणिताला तो लागतो. ‘कोणतीही संख्या चारने भागली जात असेल तर ती दोननेही भागली जाते’ हे सर्व पूर्ण संख्यांबद्दलचे खरे विधान आहे. ते आठ या संख्येला लावा: दोन्ही भाग खरे. सहाला लावा: पूर्वांग खोटे, उत्तरांग खरे. सातला लावा: दोन्ही खोटे. नियम सर्व संख्यांसाठी खरा राहायचा असेल, तर सहा आणि सात या ठिकाणीही तो मोडला असे म्हणून चालणार नाही. कोष्टकातल्या विचित्र ओळी इथून आल्या. तिफण पेरणीसाठी असते. तिने निंदण होत नाही म्हणून कोणी तिला नावे ठेवत नाही. फक्त तिफणीलाच डवरा म्हणू नये, एवढेच.

२. एका बाणात किती ‘तर’

आता बोलीकडे येऊ. गेली काही वर्षे बाजारात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात कानावर पडलेली जर-तरची वाक्ये मी टिपत आलो आहे. पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की बोलताना ‘जर’ बहुतेक वेळा गळून पडतो आणि ‘तर’ टिकतो. इंग्रजीत याच्या उलट: तिथे ‘जर’ हवाच, ‘तर’ ऐच्छिक. मराठी कान अटीपेक्षा अटीच्या सांध्याकडे लागलेला असतो. आणि या सांध्यावर कोणता शब्द बसतो त्यावर सारे अवलंबून.

‘सोयाबीन विकलं की पैसे देतो’ आणि ‘सोयाबीन विकलं तर पैसे देतो’ ही दोन वाक्ये सावकारासमोर म्हणून पाहा. पहिल्यात विक्री होणार हे गृहीत आहे, प्रश्न फक्त वेळेचा. दुसऱ्यात विक्रीचीच खात्री नाही. सावकार पहिल्या वाक्यावर मान डोलावतो, दुसऱ्यावर चष्मा काढतो. तर्कशास्त्राचा बाण दोन्हींना सारखाच.

‘तर’ला ‘च’ लागला की अर्थ उलटा वळतो. ‘पाऊस आला तरच पेरू’ यात पाऊस आल्यावर पेरूच असे वचन नाही. पावसाविना पेरणार नाही एवढाच निर्धार आहे. बोलीत याचे आणखी ठसठशीत रूप आहे: ‘पानी आल्याबिगर पेरत नाई.’ प्रमाण मराठीत ‘आल्याशिवाय’. हा आवश्यक अटीचा ‘तर’. ‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ या म्हणीत ‘च’ उच्चारलेला नाही, पण ‘नाही तर’ जोडून तीच सक्ती केली आहे.

‘तर’ला ‘ई’ लागली की अट असून नसल्यासारखी होते. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही.’ जळणे आणि पीळ जाणे यांचा जो संबंध ऐकणाऱ्याने मनाशी धरलेला असतो, तो ‘तरी’ तोडून टाकतो. ‘पिकलं तरी भाव नाही’ या चार शब्दांत कापूस-सोयाबीनच्या कित्येक हंगामांचा ताळेबंद आहे.

काही ‘तर’ मुळात अटीचे नसतातच. ‘तुले भूक लागली असन त शिक्यावर भाकर हाये.’ भूक नसली तरी भाकर शिक्यावर आहेच. कोष्टकाच्या नियमाने या वाक्याचे दोन्ही भाग नाकारून त्यांचा क्रम उलटवला तर ‘शिक्यावर भाकर नसेल तर तुला भूक लागलेली नाही’ असे निघते. गरिबाघरी हे वाक्य म्हणून पाहावे! ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ च्या एका व्याख्यानात टेबलावरच्या बिस्किटांचे असेच उदाहरण दिले आणि तेव्हापासून इंग्रजीत या प्रकाराला बिस्किटांचे नाव चिकटले. आपल्याकडे त्याला भाकरीचा ‘तर’ म्हणायला हरकत नाही.

आणि शेवटी ‘आला त आला, नाई त गेला.’ तर्कशास्त्राच्या दृष्टीने ‘आला तर आला’ हे सर्वकाळ खरे आणि म्हणून काहीच न सांगणारे विधान. बोलीत मात्र त्यात एक आख्खी मनोवृत्ती आहे: वाट पाहून झाली, आता मी अवलंबून नाही. जे शास्त्राला रिकामे वाटते तेच बोलीत काठोकाठ भरलेले असते.

मराठी व्याकरणानेही या भेदांना न्याय दिला असे म्हणवत नाही. शालेय व्याकरणात ‘संकेतबोधक’ उभयान्वयी अव्ययांच्या यादीत जर-तर, जरी-तरी, म्हणजे, की हे सारे एका ओळीत बसवलेले असतात. संकेत म्हणजे अट, आणि अट दाखवणारे ते संकेतबोधक, एवढ्यावर भागते. ‘की’ आणि ‘तर’ यांत सावकाराला दिसणारा फरक विद्यार्थ्याला दाखवला जात नाही. तर्कशास्त्राने एक बाण केला, व्याकरणाने एक यादी केली. भेद दोन्हीकडे निसटले.

३. न दिसणारी अट

तर्कशास्त्रात एक नियम निरपवाद आहे. ‘क असेल तर ख’ हे खरे असेल, तर ‘क आणि ग असतील तर ख’ हेही खरेच. पूर्वांगात भर घातल्याने विधान बिघडत नाही. बोलीत ते हमखास बिघडते. ‘विहीर असेल तर ओलीत करता येते’ हे कोणीही मान्य करील. पण दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या बाजूला पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीला पाणी असूनही ते खारे, पिकाला चालत नाही. ‘विहीर असेल आणि ती खारपाणपट्ट्यात असेल, तर ओलीत करता येते’ हे खोटे. मग पहिले वाक्य खोटे होते का? नाही. त्यात ‘पाणी गोडे असेल’ ही अट न बोलता बसलेली होती.

भारतीय न्यायशास्त्राने या न दिसणाऱ्या अटीला नाव दिले आहे: उपाधी. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती पक्की. पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ ही कच्ची. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीपासून धूर निघायला ओले इंधन लागते आणि ते वाक्यात सांगितलेले नसते. हे ओले इंधन म्हणजे उपाधी. नैयायिकांची निम्मी भांडणे या उपाधी शोधण्यावर आहेत. पाश्चात्त्य तर्कशास्त्राने विसाव्या शतकात ज्या अडचणीवर शेकडो पाने खर्च केली, तिच्याकडे आपल्या परंपरेने ओल्या सरपणाच्या चुलीसमोर बसून पाहिले होते.

बोलीतल्या ‘तर’मागे नेहमी अशी उपाधींची रांग असते, आणि बोलणारा व ऐकणारा एकाच गावचे असले तर ती सांगावी लागत नाही. ‘बी टाकलं त निघते’ म्हणणाऱ्याला ओल, खत, रानडुकरे यांची यादी द्यावी लागत नाही. समोरच्याला ती ठाऊक असते. ऐकणारा त्या गावचा नसेल, किंवा बोलणारा मुंबईच्या मंत्रालयात असेल, तेव्हा मात्र ही रांग दोघांच्या मध्ये अंधारात उभी राहते.

४. नवस, पैज आणि वचन

कोष्टकाला फक्त खरे आणि खोटे हे दोनच शब्द माहीत आहेत. बोलीतला ‘तर’ पुष्कळदा या दोन्हींच्या बाहेर असतो. ‘पोरगा पास झाला तर शेगावला पायी जाईन’ हा नवस. नवस खरा किंवा खोटा नसतो. तो बोलतात आणि फेडतात. पोरगा नापास झाला तर नवस ‘खरा ठरला’ असे कोणी म्हणत नाही. तो लागूच झाला नाही असे म्हणतात. पैजेचेही तेच. ‘सामना पूर्ण झाला तर आपण जिंकू’ यावर शंभर रुपयांची पैज लावली आणि पावसाने सामना रद्द झाला, तर पैज रद्द. कोणी जिंकला नाही, कोणी हरला नाही. फिलोचा शिष्य मात्र अशा वेळी शंभर रुपये मागायला येईल.

या बाबतीत कायदा तर्कशास्त्रापेक्षा बोलीच्या जवळ आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अटीवर अवलंबून असणाऱ्या करारांची स्वतंत्र कलमे आहेत. त्यांतले ३६ वे कलम सांगते, की अशक्य घटनेवर अवलंबून असलेला करार निरर्थक होय. कायद्यानेच दिलेले उदाहरण गमतीचे आहे: दोन सरळ रेषांनी जागा बंदिस्त केली तर हजार रुपये देईन, असा करार. कोष्टक म्हणेल, पूर्वांग कधीच खरे होणार नाही, म्हणजे करार सदैव पाळला गेला. कायदा म्हणतो, हा करारच नव्हे. पुढे याची गरज पडणार आहे.

वचनाच्या ‘तर’मध्ये आणखी एक गोष्ट असते. ‘दिवसभर कापूस वेचला तर तीनशे देईन’ असे म्हटल्यावर ऐकणारी बाई दोन वाक्ये ऐकते. एक बोललेले: वेचला तर मिळतील. दुसरे न बोललेले: नाही वेचला तर मिळणार नाहीत. काटेकोर तर्काने पहिल्यातून दुसरे निघत नाही. पण माणसे ते काढतात, जगभर काढतात. गाइस आणि झ्विकी या दोन अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये याला आवतण दिलेले अनुमान अशा अर्थाचे नाव दिले. बोलणारा ते बोलत नाही, पण त्याला पाट मांडून ठेवतो. बोलीत ‘तर’ हा असा जोडवस्त्रासारखा येतो: अर्धे अंगावर, अर्धे घडीत.

यावरून लोकांना तर्क कळत नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये पत्त्यांचे एक कोडे रचले. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर, दुसऱ्या बाजूस अंक. ‘एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस सम संख्या’ हा नियम तपासायला कोणते पत्ते उलटायचे? शिकलेल्या लोकांपैकीही दहात एखाद्यालाच बरोबर उत्तर येते. पण १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी तोच नियम दारू पिण्याच्या वयोमर्यादेच्या रूपात विचारला, तेव्हा चारांतल्या सुमारे तिघांना तो अचूक सुटला. बाण तोच. पण नियम कोणी मोडला हे शोधायचे म्हटले, की माणसाची बुद्धी लख्ख चालते. ज्याला आपण सैल म्हणतो तो ‘तर’ देण्याघेण्याच्या, वचनाच्या आणि फसवणुकीच्या शोधात घासून धारदार झालेला आहे.

५. कागदावरचा ‘तर’

आता तिसऱ्या ‘तर’कडे. सरकारी मराठीने ‘तर’ शक्यतो टाळून ‘-ल्यास’ हा प्रत्यय स्वीकारला आहे. ‘कळविल्यास’, ‘आढळल्यास’, ‘न भरल्यास’. शेतात कोणी असे बोलत नाही. पण वाचणारा त्याचे मनात ‘कळवलं तर’ असे भाषांतर करतो आणि बोलीचे सगळे नियम त्याला लावतो.

२०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत गारपीट, शेतात पाणी साचणे यांसारख्या स्थानिक आपत्तीत ७२ तासांच्या आत नुकसानीची सूचना देण्याची अट होती. शेतकऱ्याने ऐकले: ७२ तासांत कळवलं तर भरपाई मिळेल. बोलीच्या नियमाने त्यात दोन अर्धी आहेत. बोललेले अर्धे: कळवले, तर मिळेल. न बोललेले अर्धे: नाही कळवले, तर नाही. कचेरीच्या हिशेबात मात्र ही आवश्यक अट होती, म्हणजे ‘कळवल्याशिवाय मिळणार नाही’. कळवल्यावर पाहणी, कारण योजनेत बसणे, नुकसानीचे प्रमाण, हप्ता वेळेत पोचलेला असणे ही उपाधींची रांग वेगळीच.

इथे जे घडते ते नीट पाहण्यासारखे आहे. उशीर झालेल्या शेतकऱ्याला सांगितले जाते, ‘वेळेत कळवलं नाही, मग कसं मिळणार?’ वेळेत कळवलेल्याला सांगितले जाते, ‘कळवलं म्हणजे मिळेलच असं कुठं म्हटलं होतं?’ म्हणजे वाक्याचे जे अर्धे कधी उच्चारलेच नव्हते, ते कचेरी काटेकोरपणे पाळते. आणि जे अर्धे उच्चारले होते, ते सोडून देते. एका हाताने बोलीचा कायदा लावते, दुसऱ्या हाताने तर्कशास्त्राचा. शेतकरी दोन्हीकडून बाद. एखाद्या कारकुनाचा दुष्टपणा याला लागत नाही. ‘-ल्यास’ या प्रत्ययाचा दुटप्पीपणा पुरतो.

याच योजनेत व्यापक नुकसानीचा ‘तर’ आणखी दूरचा आहे. महसूल मंडळाचे पीककापणी प्रयोगांतून निघालेले सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा कमी आले, तर त्या मंडळातल्या विमाधारकांना भरपाई. शेतकऱ्याच्या मनातले वाक्य असते ‘माझं पीक गेलं तर’. कागदावरचे वाक्य असते ‘मंडळाची सरासरी घसरली तर’. पूर्वांगाचा कर्ताच बदललेला आहे. शेजारच्या शेतांत बरे पिकले म्हणून आपल्या मोडलेल्या पिकाला काही नाही, हे ज्याला पहिल्यांदा कळते त्याला ती फसवणूकच वाटते. वाक्य आधी नीट सांगितले असते, तर नियम कडक वाटला असता, फसवा वाटला नसता.

२०१७ च्या कर्जमाफीत ‘सरसकट’, ‘तत्त्वतः’ आणि ‘निकष’ या तीन शब्दांवर महिनाभर महाराष्ट्र भांडला. त्या योजनेत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ झाली आणि त्याचा लाभ पुष्कळांना मिळालाही. पण ज्यांची थकबाकी दीड लाखाच्या वर होती, त्यांच्यासाठी ‘तर’च्या आत ‘तर’ होता: वरची रक्कम आधी भरली, तर दीड लाख मिळतील. तर्कशास्त्रात अशा दुहेरी अटीची एक साधी अट करता येते, काही बिघडत नाही. वस्तुस्थितीत पहिली अट पुरी करणारा माणूस म्हणजे ज्याच्यापाशी पैसा नाही म्हणून कर्ज थकले तो. आणि दुसरी अट त्यालाच पैसा भरायला सांगते. ज्याला ते जमले नाही त्याच्यापुरते पूर्वांग खोटे राहिले. आणि कोष्टकाप्रमाणे, पूर्वांग खोटे असलेले वचन कधीच मोडत नाही. सरकारने शब्द पाळला आणि शेतकऱ्याच्या हाती काही आले नाही, ही दोन्ही वाक्ये एकत्र खरी. आपण वर हसलो ती अकोल्याच्या समुद्राची गोष्ट ही अशी जमिनीवर येते. करार कायद्याच्या ३६ व्या कलमात येते ती सर्वांसाठी अशक्य असलेली घटना. ही एखाद्यासाठी अशक्य असलेली. कायद्याने दोहोंत फरक करावा हे योग्यच. पण बोलीला तो फरक मोठा वाटत नाही.

६. ‘असतं तर’

एक ‘तर’ उरला. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं’ ही म्हण आपण खिल्ली उडवायला वापरतो. ‘असता तर’च्या वाक्यात पूर्वांग खोटे आहे हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. म्हणून कोष्टक इथे पूर्ण आंधळे होते. त्याच्या लेखी अशी सर्व वाक्ये खरीच. बोलीत मात्र ‘पाऊस वेळेवर आला असता तर दुबार पेरणी टळली असती’ हे खरे आणि ‘पाऊस वेळेवर आला असता तर जावई चांगला मिळाला असता’ हे बहुधा खोटे. नेल्सन गुडमन यांनी १९४७ मध्ये ही अडचण मांडली. डेव्हिड लुईस यांनी १९७३ मध्ये उत्तर सुचवले ते ढोबळमानाने असे: आपल्या जगासारखेच, फक्त तेवढी एक गोष्ट वेगळी असलेले, जवळात जवळचे जग कल्पा आणि तिथे काय होते ते पाहा.

हा ‘तर’ वापरायला या मातीत कोणी शिकवावे लागले नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात प्रवचन झोडत नसत, प्रश्न विचारत. समोरच्याची समजूत घटकाभर खरी धरायची, तिच्यामागून एकेक पाऊल टाकायचे, उत्तरे श्रोत्यांकडूनच वदवून घ्यायची, आणि शेवटी ती समजूत स्वतःच अडखळून पडेल अशा जागी आणून सोडायची. न्यायशास्त्रात याला ‘तर्क’ म्हणतात: इथे अग्नी नसता तर धूरही नसता. कोष्टकात खोट्या पूर्वांगातून काहीही निघते. बाबांच्या कीर्तनात खोट्या पूर्वांगातून नेमकी एकच गोष्ट निघे आणि ती झोंबे. विचाराची ही धार या गावांत पुढेही दिसते. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलेले दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरातून ‘आजचा सुधारक’ सुरू केले, तेही युक्तिवाद मराठीतूनच नीट करता येतो या विश्वासावर.

पण या ‘असतं तर’चा सर्वांत गंभीर उपयोग कीर्तनात नाही, वर्गातही नाही. अमरावती विभागातल्या शेतकरी आत्महत्यांची नोंद विभागीय आयुक्तालयात २००१ पासून ठेवली जाते आणि प्रत्येक प्रकरणापुढे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. पात्र ठरले तर कुटुंबाला एक लाख रुपये. निकष तीन: नापिकी, कर्ज, परतफेडीचा तगादा. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. मुळात ठरवायचे काय असते? कर्ज नसते, पीक गेले नसते, तर हा माणूस आज असता का? हा ‘असतं तर’चा प्रश्न आहे, एक गोष्ट वेगळी असलेले जवळचे जग कल्पण्याचा. तपासणीत मात्र तो ‘असेल तर’चा होतो: कर्जाचा कागद असेल तर पात्र. कृषी केंद्राची उधारी, सोयऱ्याकडून आणलेले हातउसने, बायकोचे मोडलेले डोरले यांचा कागद नसतो. कागद नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून कारण नाही. घरातली बाई एका ‘तर’मध्ये बोलते, समिती दुसऱ्या ‘तर’मध्ये लिहून घेते. दोघांपैकी कोणी खोटे बोलत नाही, आणि तरीही जे घडले ते नोंदले जात नाही.

अटी नसाव्यात असे कोणी म्हणणार नाही. सार्वजनिक पैसा वाटायचा तर निकष लागतात आणि ते एका बाणासारखे कोरडे असणेही काही वेळा न्यायाचेच असते. नाही तर ओळखीपाळखीचे राज्य होते. मागणी एवढीच करता येते, की जी अट आवश्यक आहे ती ‘-ल्यास’च्या आड न लपवता ‘-ल्याशिवाय नाही’ अशी लिहावी. जी पुरेशी आहे तिथे ‘एवढे केले की मिळेल’ असे ‘की’ वापरून लिहावे आणि मग ते द्यावे. आणि मध्ये उभ्या असलेल्या उपाधी एकाखाली एक मांडाव्यात. यासाठी नवा शब्द घडवायला नको, परिभाषा कोश नको. मराठीत हे तिन्ही सांधे आहेत, आणि वऱ्हाडातला निरक्षर माणूसही ते चुकवत नाही. तो सावकाराला ‘इकलं की देतो’ म्हणतो तेव्हा विचार करूनच ‘की’ म्हणतो. त्याला उत्तर देणाऱ्या कागदानेही तेवढाच विचार करून ‘तर’ लिहावा.